इंग्रजी कवितेची परिभाषा: कान आधी, व्याख्या नंतर

इंग्रजी साहित्य हा विषय घेतलेल्या मुलांच्या वहीत पहिल्या सत्रातच एक लांबलचक यादी येते. सिमिली, मेटाफर, आयँब, ट्रोकी, सिझ्युरा, एन्जॅम्बमेंट, ऑक्टेव्ह, सेस्टेट, कन्सीट, आयरनी. प्रत्येक संज्ञेपुढे एका ओळीची व्याख्या आणि ठरलेलं एक उदाहरण. पाठांतर चोख असतं. पण अनोळखी कवितेतली एखादी ओळ समोर ठेवली की तीच मुलं गप्प होतात. संज्ञा पाठ असते. ती ज्या गोष्टीचं नाव आहे, ती गोष्ट कधी ऐकलेलीच नसते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने ही परिभाषा कानापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. उपमा आणि रूपक आपण शाळेतच शिकलेलो असतो, तिथे फारसं अडत नाही. अडतं ते इंग्रजी ओळीच्या लयीत, आणि याचं कारण आपल्या बोलण्याच्या सवयीत आहे.

जोर कुठे पडतो

आपल्याकडे वृत्त मोजायचं ते लघु-गुरूंवर. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू, पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ऱ्हस्वही गुरू. मग 'यमाताराजभानसलगं' म्हणत तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे. अक्षर उच्चारायला लागणारा वेळ हा या सगळ्या मोजणीचा पाया.

इंग्रजी कवितेचा पाया वेगळा आहे. तिथे विचारायचं ते एवढंच: शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर पडतो? इथे अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा; 'टेबल'मध्ये असे दोन, 'हॉस्पिटल'मध्ये तीन. 'रेकॉर्ड' हा शब्द घ्या. नाम असेल तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तेव्हा दुसऱ्यावर. 'प्रेझेंट' आणि 'ऑब्जेक्ट' यांचंही तसंच. स्पेलिंग तेच राहतं, जोर सरकला की शब्दाचं काम बदलतं. मराठी बोलताना आपण अक्षरांना साधारण सारखं वजन देतो आणि तीच सवय इंग्रजी वाचताना लावतो. मग शेक्सपिअरची ओळ आपल्या तोंडून सपाट निघते आणि तिच्यातलं वृत्त ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही त्याची व्याख्या पाठ करून काय उपयोग?

म्हणून पहिलं काम शब्दकोशाचं. चांगल्या इंग्रजी कोशात उच्चार देताना जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. काही आठवडे प्रत्येक नवा शब्द बघताना अर्थाच्या आधी ती रेघ बघा. एवढ्यानेच कान बराच तयार होतो.

आता आयँब. आधी हलकं अक्षर, मग जोराचं. 'अबाउट', 'बिगिन', 'टुडे' हे तिन्ही शब्द आयँब आहेत. लयीच्या अशा सर्वांत लहान तुकड्याला फूट म्हणतात. एका ओळीत असे पाच आयँब आले की ती ओळ आयँबिक पेंटामीटर. 'पेंटा' म्हणजे ग्रीकमध्ये पाच. शेक्सपिअरच्या १५४ सॉनेटांचा, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांचा, संग्रह १६०९ साली छापला गेला. त्यातल्या अठराव्या सॉनेटची पहिली ओळ अशी:

शॅल आय | कम्पेअर | दी टू | अ स | मर्स डे?

प्रत्येक तुकड्यातल्या दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन मोठ्याने म्हणा. चौथ्या तुकड्यात थोडं थांबू. 'समर'मधलं 'स' आपल्या हिशेबाने सरळसरळ लघु आहे. इंग्रजीत शब्दाचा सगळा जोर मात्र त्या 'स'वरच आहे. लघु-गुरूची मापं घेऊन इंग्रजी ओळ मोजायला गेलं की नेमकं अशा ठिकाणी फसायला होतं.

पुढची गोष्ट वर्गात बऱ्याचदा राहून जाते. ही ओळ कुणी यंत्रासारखी टि-टम, टि-टम करत म्हणत नाही. 'दी टू' मधला 'टू' बोलताना अगदी हलका असतो, आराखडा मात्र तिथे जोर अपेक्षितो. इंग्रजीत यासाठी दोन वेगळ्या संज्ञा आहेत: मीटर आणि रिदम. मीटर म्हणजे तबल्यावर चाललेला ठेका, रिदम म्हणजे त्यावर गायकाने घेतलेल्या जागा. ठेका एकसारखा चालू असतो म्हणूनच गायक समेच्या आधी किंवा नंतर आला हे आपल्याला कळतं. कवितेत लक्ष द्यायचं ते या सरकण्याकडे.

त्याच सॉनेटची तिसरी ओळ बघा: 'रफ विंड्स डू शेक द डार्लिंग बड्स ऑफ मे'. ठेक्यानुसार पहिलं अक्षर हलकं हवं. तिथे 'रफ' आहे, आणि 'रफ' हलक्याने म्हणताच येत नाही. लगेच 'विंड्स' हेही जड. दोन जड अक्षरं शेजारी आली, या फूटला स्पाँडी म्हणतात. मे महिन्यातल्या कोवळ्या कळ्यांना झोडपणारा वारा ओळीच्या तोंडाशीच कानावर आदळतो. 'इथे स्पाँडी आहे' हे उत्तरपत्रिकेत लिहिणं म्हणजे अर्धं काम. तो वारा त्या दोन अक्षरांनी ऐकवला, हे लिहिलं की काम पूर्ण झालं.

हॅम्लेटची सगळ्यांना पाठ असलेली ओळही अशीच ऐकून बघा: 'टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन'. अक्षरं मोजलीत तर अकरा भरतात. शेवटचं 'श्चन' ठेक्याच्या बाहेर लोंबकळत राहतं. अशा हलक्या जादा अक्षराला फेमिनाइन एंडिंग म्हणतात. आणि मध्ये 'दॅट इज'पाशी क्रम उलटतो: जोर आधी, हलकं मागून. उलटलेल्या या फूटचं नाव ट्रोकी. 'आयँबिक पेंटामीटर म्हणजे दहा अक्षरांची ओळ' ही व्याख्या गाईडांमध्ये सर्रास सापडते. इंग्रजीतल्या सर्वांत प्रसिद्ध ओळीलाच ती लागू पडत नाही. अक्षरं मोजू नका, जोर मोजा.

बाकीच्या फूटांची ओळख एकेका ओळीने करून घ्यावी. ट्रोकीसाठी ब्लेकची १७९४ची वाघावरची कविता: 'टायगर टायगर, बर्निंग ब्राइट'. ॲनापेस्टसाठी, म्हणजे दोन हलकी आणि तिसरं जोराचं, बायरनची 'दि असिरियन केम डाउन लाइक द वुल्फ ऑन द फोल्ड'. याच्या बरोबर उलट डॅक्टिल: आधी जोर, मग दोन हलकी. टेनिसनची 'हाफ अ लीग, हाफ अ लीग, हाफ अ लीग ऑनवर्ड' ही १८५४ सालची, क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाने जी आत्मघातकी चढाई केली तिच्यावरची. ही ओळ दोनदा मोठ्याने म्हटलीत तर डॅक्टिलची व्याख्या पुन्हा बघावी लागणार नाही. ओळीत तीन फूट असले तर ट्रायमीटर, चार असले तर टेट्रामीटर, सहा असले तर हेक्झॅमीटर.

ओळ कुठे थांबते

लय कानाला लागली की पुढचा प्रश्न येतो तो ओळ आणि वाक्य यांच्यातल्या नात्याचा. कवितेतली ओळ एका ठिकाणी संपते, व्याकरणाचं वाक्य कदाचित दुसऱ्याच ठिकाणी. दोन्ही एकत्र संपली तर ती एंड-स्टॉप्ड ओळ. वाक्य ओळीच्या कडेवरून पुढच्या ओळीत गेलं तर एन्जॅम्बमेंट. ओळीच्या पोटात मध्येच विराम आला तर सिझ्युरा.

एंड-स्टॉप्ड ओळ आणि सिझ्युरा एकत्र बघायचे तर अलेक्झांडर पोप. १७११च्या त्याच्या काव्यमय निबंधात 'टु एर इज ह्यूमन, टु फर्गिव्ह, डिव्हाइन' ही ओळ आहे. मधल्या विरामाने ओळीची दोन पारडी होतात: इकडे चूक आणि माणूस, तिकडे क्षमा आणि देव. या मांडणीला अँटिथिसिस म्हणतात. यमक जुळलेल्या अशा दोन आयँबिक पेंटामीटर ओळींची जोडी म्हणजे हिरॉइक कपलेट, आणि पोपच्या काळात ते इंग्रजी कवितेचं मुख्य वाहन होतं. जाता जाता एक गंमत. या ओळीचं यमक आधीच्या ओळीतल्या 'जॉइन'शी जुळवलेलं आहे. आज ते खटकतं, पण तेव्हा 'जॉइन'चा उच्चार 'जाइन'च्या जवळचा होता. जुन्या कवितेत यमक फसलेलं दिसलं तर कवीला दोष देण्याआधी तेव्हाचा उच्चार तपासावा.

एन्जॅम्बमेंटसाठी मी कीट्सची शरद ऋतूवरची ओड, म्हणजे त्या ऋतूला उद्देशून लिहिलेली कविता, निवडेन. सप्टेंबर १८१९मध्ये विंचेस्टरला असताना त्याने ती लिहिली आणि पुढच्या वर्षी ती छापली गेली. दुसऱ्या कडव्यात शरद ऋतू माणसाचं रूप घेऊन येतो. कधी तो खळ्यातल्या कोठाराच्या जमिनीवर निवांत बसलेला असतो, कधी अर्ध्या कापलेल्या शेतात झोपलेला. आणि मग तो सरवा वेचणाऱ्या बाईसारखा, डोक्यावर ओझं घेऊन ओढा ओलांडताना दिसतो. त्या दोन ओळी:

अँड समटाइम्स लाइक अ ग्लीनर दाउ डस्ट कीप
स्टेडी दाय लेडन हेड अक्रॉस अ ब्रुक

पहिली ओळ 'कीप'वर संपते, पण वाक्य तिथे संपू शकत नाही. 'कीप' म्हणजे ठेवतोस. काय ठेवतोस, कसं ठेवतोस? उत्तर पुढच्या ओळीत आहे. वाचणारा क्षणभर काठावर एक पाय उचलून उभा राहतो आणि मग पलीकडे 'स्टेडी' या शब्दावर पाय टेकवतो. हा शब्द ट्रोकी आहे. ठेक्यानुसार ओळ हलक्या अक्षराने सुरू व्हायला हवी होती, ती जोराने सुरू होते. पाऊल पक्कं पडतं. ओझ्याचा तोल सांभाळत ओढा ओलांडण्याची क्रिया कीट्सने ओळ मोडण्याच्या जागेतून करून दाखवली आहे. समीक्षकांनी या जागेवर बरंच लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे. एन्जॅम्बमेंट कशासाठी असते हे विचारणाऱ्याला मी या दोन ओळी देईन, व्याख्या देणार नाही.

याच कडव्यात आणखी दोन संज्ञा काम करताना दिसतात. ऋतूला माणूस कल्पिलं, हे पर्सॉनिफिकेशन, म्हणजे आपली चेतनगुणोक्ती. आणि त्या ऋतूला थेट 'दाउ' म्हणजे 'तू' म्हणून हाक मारली, याला अपॉस्ट्रफी म्हणतात. स्पेलिंगमधल्या चिन्हाचं नावही हेच, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो.

आता दोन संज्ञा ज्या परीक्षेत हमखास एकमेकींच्या जागी लिहिल्या जातात: ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं, पण आयँबिक पेंटामीटर पूर्ण असतो. सोळाव्या शतकात अर्ल ऑफ सरे याने व्हर्जिलच्या महाकाव्याच्या काही भागाचं भाषांतर करताना तो इंग्रजीत आणला. पुढे मार्लो आणि शेक्सपिअर यांनी तो रंगभूमीवर रुजवला आणि १६६७ साली मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' त्यातच रचलं. फ्री व्हर्समध्ये ठरलेलं मीटरही नाही. ओळीची लांबी आणि लय कवी प्रत्येक वेळी स्वतः ठरवतो. अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनचा संग्रह १८५५ साली आला, तेव्हापासून तिची मोठी परंपरा सुरू झाली. मराठीतल्या मुक्तछंदाशी नातं लावायचं असेल तर ते फ्री व्हर्सशी. 'यमक नाही म्हणजे मुक्तछंद' या समजुतीपायी मिल्टनला मुक्तछंदात लिहिणारा कवी ठरवलेली उत्तरं लिहिली जातात.

चौदा ओळींची वाट

सॉनेट म्हणजे चौदा ओळी, एवढं सगळ्यांना येतं. त्या चौदा ओळी विचार कसा वळवतात ते बघायला हवं. चौदाव्या शतकातल्या इटलीत पेट्रार्कने हा आकृतिबंध लोकप्रिय केला: आधी आठ ओळींचं ऑक्टेव्ह, मग सहा ओळींचं सेस्टेट. ऑक्टेव्हचं यमक 'ए बी बी ए, ए बी बी ए', म्हणजे आठ ओळींत दोनच यमकं. इटालियनमध्ये यमकाचे शब्द विपुल आहेत, तिथे हे सहज जमतं. इंग्रजीत ते जड जातं. सर थॉमस वायट आणि सरे यांनी सॉनेट इंग्रजीत आणलं. दोघांच्या रचना त्यांच्या मृत्यूनंतर, १५५७च्या एका संकलनात प्रसिद्ध झाल्या. सरेने यमकांची मांडणी सैल केली: चार-चार ओळींची तीन क्वाट्रेन आणि शेवटी एक कपलेट. यमक 'ए बी ए बी, सी डी सी डी, ई एफ ई एफ, जी जी'. शेक्सपिअरने हाच आकार वापरला म्हणून तो शेक्सपिअरियन सॉनेट म्हणून ओळखला जातो.

विचार जिथे वळतो त्या जागेला व्होल्टा म्हणतात. पेट्रार्कच्या आकारात तो नवव्या ओळीशी असतो. शेक्सपिअरच्या आकारात तो कपलेटपाशी येतो असं पुस्तकं सांगतात, पण अठरावं सॉनेट उघडून बघा. आठ ओळी उन्हाळ्याची उणी काढण्यात जातात: वारा सुटतो, ऊन कधी जास्त तापतं, कधी झाकोळतं, सुंदर ते सगळं कधीतरी उतरणीला लागतं. नववी ओळ सुरू होते 'बट'ने: 'बट दाय इटर्नल समर शॅल नॉट फेड'. यमकाचा आकार इंग्रजी, वळण मात्र इटालियन जागेवर. मग कपलेटमध्ये काय होतं? कवी म्हणतो, माणसं श्वास घेताहेत आणि डोळे बघताहेत तोवर 'हे' जिवंत राहील आणि 'हे' तुला जिवंत ठेवेल. 'हे' म्हणजे आपण हातात धरलेली कविताच. व्होल्टा शोधताना ओळीचा क्रमांक बघू नका. 'बट', 'येट', 'देन' असे शब्द बघा आणि सूर कुठे बदलतो ते ऐका.

सॉनेट मराठीत आलं ते केशवसुतांच्या हातून. त्यांची १८९२ सालची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही पहिली मराठी रचना मानली जाते. पुढे 'सुनीत' हे नाव रूढ झालं आणि रविकिरण मंडळाच्या काळात ते बहरलं. चौदा ओळी आल्या, यमकांची मांडणी आली, वळणही आलं. आयँब मात्र आला नाही, येऊ शकत नव्हता. मराठी कवींनी त्या जागी शार्दूलविक्रीडितासारखं आपलं अक्षरगणवृत्त घेतलं, एका ओळीत एकोणीस अक्षरं, ठरलेल्या लघु-गुरूंची. भाषेच्या पोटात असलेली लय बाहेरून आणता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

प्रतिमा आणि तिचे भाग

इथे मराठी विद्यार्थी भक्कम जमिनीवर असतो. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली रूपकाचे दोन भाग वेगळे करून त्यांना टेनर आणि व्हेइकल अशी नावं दिली. ज्याच्याबद्दल बोलायचं ते टेनर, ज्याच्या मदतीने बोलायचं ते व्हेइकल. उपमेय आणि उपमान शिकलेल्या माणसाला यात नवं काही शिकावं लागत नाही. भारतीय काव्यशास्त्राने ही विभागणी कित्येक शतकं आधी केली होती.

कस लागतो तो रूपक एका शब्दात लपलेलं असतं तेव्हा. त्याच सॉनेटची चौथी ओळ: 'अँड समर्स लीज हॅथ ऑल टू शॉर्ट अ डेट'. 'लीज' म्हणजे भाडेपट्टा, 'डेट' म्हणजे त्याची मुदत. उन्हाळ्याला हे सौंदर्य मालकीहक्काने मिळालेलं नाही, थोड्या मुदतीच्या पट्ट्यावर मिळालं आहे. एवढा मोठा विचार कचेरीतल्या दोन कोरड्या शब्दांत बसवला आहे. आणि आपण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हातून आलेली माणसं एक गोष्ट लक्षात ठेवू: इंग्लंडचा उन्हाळा हा तिथला सर्वांत हवाहवासा काळ. 'तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का' हे तिथे कौतुक आहे.

कन्सीट म्हणजे लांबवर ताणलेली, आधी अशक्य वाटणारी आणि नंतर पटणारी तुलना. जॉन डनच्या कवितेत प्रवासाला निघालेला नवरा बायकोला सांगतो की आपण दोघं कंपासच्या दोन पायांसारखे आहोत. तू मध्यावर रोवलेला पाय. मी दूर फिरतो तेव्हा तू माझ्या दिशेने झुकतेस. मी परत येतो तसतशी तू सरळ होतेस. आणि तू स्थिर आहेस म्हणूनच माझं वर्तुळ पुरं होतं. भूमितीचं साधन प्रेमकवितेत आणून त्याची एकेक हालचाल अर्थपूर्ण केलेली. अठराव्या शतकात समीक्षक डॉ. जॉन्सन यांनी डन आणि त्याच्या पंथाच्या कवींवर टीका केली की हे अगदी विजातीय कल्पनांना बळजबरीने एका जुवाला जुंपतात. निरीक्षण अचूक होतं, निवाडा मात्र पुढच्या काळाने उलटवला. विसाव्या शतकात टी. एस. एलियटने या कवींची बाजू जोरात मांडली.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी यांवर फार वेळ घालवायला नको. 'मंत्रालयाने आदेश काढला' म्हणताना आपण इमारतीच्या नावाने तिथल्या माणसांबद्दल बोलतो, ही मेटॉनिमी. 'घरात खाणारी तोंडं सहा' म्हणताना भागाने संपूर्ण माणूस दाखवतो, ही सिनेक्डकी.

काही संज्ञा एका विशिष्ट माणसाने विशिष्ट प्रसंगी वापरल्या. त्या प्रसंगासकट शिकाव्यात. 'पथेटिक फॅलसी' समीक्षक रस्किनने १८५६ साली वापरली, तीही दोष म्हणून. समुद्राच्या फेसाला 'क्रूर, सरपटणारा' म्हणणाऱ्या किंग्जलीच्या ओळी त्याने घेतल्या आणि म्हटलं की फेस क्रूर नसतो आणि सरपटतही नाही. शोकाने ढळलेल्या मनाला तो तसा दिसतो. इथे 'पथेटिक'चा संबंध भावनेशी आहे, दयनीयतेशी नाही. 'नेगेटिव्ह केपेबिलिटी' कीट्सच्या डिसेंबर १८१७च्या, भावांना लिहिलेल्या पत्रातली: अनिश्चिततेत, शंकेत, उत्तराची घाई न करता राहता येण्याची ताकद. 'ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह' एलियटने १९१९ साली 'हॅम्लेट'वर लिहिताना वापरली, आणि ती हे नाटक का फसलं असं त्याला वाटतं ते सांगण्यासाठी. हॅम्लेटच्या भावनेला पेलेल असा प्रसंग किंवा वस्तू नाटकात सापडत नाही, असा त्याचा आक्षेप होता. हे माहीत नसलेला विद्यार्थी 'हॅम्लेट'मध्ये ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह किती सुंदर आहे, असं लिहून मोकळा होतो.

कोण बोलतंय, कुणाला काय माहीत आहे

कवितेतला 'मी' म्हणजे कवी, हे गृहीत धरू नये. इंग्रजी समीक्षेत म्हणूनच 'स्पीकर' हा शब्द वापरतात. रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२ साली छापलेल्या एका ड्रमॅटिक मोनोलॉगमध्ये, म्हणजे एकच पात्र बोलत राहतं अशा कवितेत, बोलणारा एक ड्यूक आहे. पाहुण्याला तो मृत पत्नीचं चित्र दाखवतो आणि तिच्याबद्दलच्या तक्रारी सांगत जातो: ती सगळ्यांकडे बघून सारखीच हसायची, माझ्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाची तिला किंमत नव्हती. मग एका ओळीत म्हणतो की मी हुकूम दिले आणि सगळी हास्यं एकदम थांबली. पाहुणा कोण हे शेवटाकडे कळतं: ड्यूकच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत. ड्यूक स्वतःला सुसंस्कृत समजून बोलतोय आणि आपल्याला तो खुनी दिसतोय. दोघांमधलं हे अंतर म्हणजे ड्रमॅटिक मोनोलॉगचा जीव. ही सगळी कविता यमकबद्ध कपलेटांत आहे, तरी यमक कानावर जवळपास येतच नाही, कारण वाक्यं ओळींच्या कडेवर थांबत नाहीत. एन्जॅम्बमेंटने यमक बोलण्याखाली दडवलं आहे.

नाटकात हेच अंतर ड्रमॅटिक आयरनी निर्माण करतं: प्रेक्षकाला माहीत आहे, पात्राला नाही. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातला चौथा प्रवेश घ्या. कॉडरच्या सरदाराने फितुरी केली, त्याला देहदंड झाला. राजा डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून मन वाचण्याची विद्या कुठेच नाही. तो असा गृहस्थ होता, ज्याच्यावर मी पूर्ण विश्वास टाकला होता. 'ॲन ॲब्सोल्यूट ट्रस्ट' हे त्याचे शेवटचे शब्द. त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. कॉडरची सरदारकी आता त्याला मिळाली आहे, आणि आधीच्या प्रवेशात त्याच्या मनात खुनाचा विचार येऊन गेलेला प्रेक्षकांनी ऐकला आहे.

आता ठेका लावून ऐका. 'ॲन ॲब्सोल्यूट ट्रस्ट' ही पूर्ण ओळ नाही, पेंटामीटरचा अर्धा भाग आहे. मॅकबेथला बघून राजा म्हणतो 'ओ वर्दिएस्ट कझिन', माझ्या परमयोग्य बंधू, आणि ती ओळ पुरी होते. गेलेल्या फितुरावरचा विश्वास आणि येणाऱ्या फितुराचं स्वागत एकाच ओळीच्या दोन अर्ध्यांत आहेत, आणि दोन्ही अर्धी डंकनच बोलतो. या जागेवर उत्तर लिहायचं असेल तर 'येथे ड्रमॅटिक आयरनी आढळते' एवढ्यावर थांबू नये. असं लिहावं: राजा जे वाचता येत नाही म्हणून हळहळतो, तेच त्याच्यासमोर उभं आहे, प्रेक्षक ते वाचतो, राजा वाचत नाही, आणि शेक्सपिअर मॅकबेथच्या प्रवेशाने ओळ मधोमध मोडून ते ऐकवतो.